ओ-रिंग बदलली तरी तेल गळतंच? रिंग कशी बनवली आहे ते आधी बघा

हायड्रॉलिक दुरुस्तीच्या कामात एक तक्रार ठरलेली. ग्लँडमधून (सिलिंडरच्या तोंडाशी बसणारा भाग) किंवा फ्लँजमधून (बोल्टने आवळलेला सांधा) तेल येतं, तिथली ओ-रिंग, म्हणजे तेल अडवणारी रबराची गोल रिंग, बदलली जाते, काही दिवस बरे जातात आणि तिथूनच पुन्हा तेल. मग एकेक उपाय वाढत जातो. नायट्राइल रबराच्या जागी विटॉन रबर येतं, थोडी जाड रिंग कोंबली जाते, ग्रूव्हमध्ये, म्हणजे रिंग बसायच्या खाचेत, शेलॅक लागतं, पान्याला पाइप घालून बोल्ट आवळले जातात. शेवटी सिलिंडरच खराब आहे असं ठरतं आणि ग्लँड लेथवर चढतो.

एवढं सगळं होतं, पण हातातली रिंग कोणत्या पद्धतीने बनली आहे हे क्वचितच कुणी विचारतं. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा. रबराच्या रिंगचं कोणतं माप चुकणार आणि कुठल्या जागी चुकणार, हे ती बनवण्याच्या पद्धतीवर ठरतं. कॉर्ड, म्हणजे रबराची गोल दोरी, कापून टोकं जोडून केलेल्या रिंगचा दोष वेगळा, मोल्डमध्ये दाबून काढलेल्या रिंगचा वेगळा, आणि नायट्राइलच्या मोल्डमध्ये विटॉन भरून काढलेल्या रिंगचा आणखी वेगळा. तेल कुठून येतंय, कधी येतंय, हे नीट पाहिलं तर व्हर्नियर हातात घ्यायच्या आधीच बराच अंदाज येतो.

सावनेरकडचा प्रेस

नागपूर जिल्ह्यात सावनेरच्या बाजूला एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यातला कापसाच्या गाठी बांधायचा जुना, इंची मापाचा प्रेस. हंगाम भरात होता, आवारात कापसाच्या गाड्या उभ्या, आणि मुख्य सिलिंडरच्या ग्लँडखालून तेल ठिबकत होतं. फिटर म्हणाला, "भाऊ, रिंग नवीनच टाकली होती, पहा ना. हप्ता नाही झाला तं पुन्हा येऊन राह्यलं."

ग्लँड खोलायच्या आधी त्याला एवढंच सांगितलं की तेल नेमकं जिथून येतंय तिथे ग्लँडवर आणि सिलिंडरवर सेंटर पंचने खूण कर. ग्लँड बाहेर आल्यावर रिंग ग्रूव्हमध्येच असताना तिच्यावरही त्याच जागी पांढऱ्या मार्करने खूण केली. मगच रिंग काढली.

खुणेपासून बोटभर अंतरावर जोड होता. रिंग दोन्ही हातांत धरून जोडाची जागा बाहेरच्या बाजूला वाकवली, तशी तिरक्या कापाची कड उघडली. आत सुकलेल्या चिकटाचा पातळ, काचेसारखा कडक थर दिसत होता. बाकी रिंग नखाने दाबली की दबायची, ती जागा दबत नव्हती. जोडाच्या एका बाजूची कॉर्ड दुसऱ्या बाजूपेक्षा किंचित वर बसलेली, म्हणजे तिथे नखाला अडेल एवढी पायरीही होती.

मग सेक्शन, म्हणजे रिंगच्या अंगाची जाडी, मोजला. ड्रॉइंगवर रिंग २०२.५७ × ५.३३ मिलिमीटर, म्हणजे आतला व्यास आणि सेक्शन. हातातल्या रिंगचा सेक्शन एका जागी ५.१०, थोडं पुढे ४.९८, आणि एका जागी ४.८६. फिटरची समजूत अशी की रिंग "पाच एमएमची" आहे, म्हणजे जवळजवळ तीच. हा 'जवळजवळ' किती महाग पडतो ते आकड्यांत बघायला हवं, म्हणून हिशोब सगळा मांडतो.

दाब किती उरतो

रिंग तेल अडवते ती दबल्यामुळे; सेक्शनच्या किती टक्के ती दबते, त्याला इथे दाब म्हणतो. स्थिर जागेच्या रिंगला साधारण १५ ते ३० टक्के दाब लागतो, मागेपुढे सरकणाऱ्या जागी १० ते २० टक्के. या ग्लँडच्या ग्रूव्हमध्ये बसल्यावर रिंगला उंचीला ४.३५ मिलिमीटर जागा मिळत होती. ५.३३ ची रिंग तिथे ०.९८ मिलिमीटर दबते, म्हणजे सुमारे १८ टक्के. ठीक आहे.

आता टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी सूट, धरू. आयएसओ ३६०१ च्या पहिल्या भागात ५.३३ सेक्शनच्या मोल्डेड रिंगला ±०.१३ मिलिमीटर सूट आहे. म्हणजे सर्वांत बारीक रिंग ५.२० ची. तिचा दाब १६ टक्क्यांच्या आसपास राहतो. रिंग ग्रूव्हवर ताणून बसते तेव्हा सेक्शन आणखी थोडा बारीक होतो; ढोबळ नियम असा की जितके टक्के ताण, त्याच्या निम्मे टक्के सेक्शन कमी. ग्रूव्हच्या तळाचा व्यास २०८.५ धरला तर ताण ३ टक्क्यांच्या आत येतो, सेक्शन दीड टक्क्याच्या आत घटतो आणि दाब १५ टक्क्यांवर टेकतो. म्हणजे टॉलरन्सच्या खालच्या टोकाची रिंगसुद्धा काम करते. ग्रूव्हची मापं ठरवताना हाच हिशोब केलेला असतो.

कॉर्डचं तसं नाही. कॉर्ड म्हणजे एक्सट्रूजन. डायमधून बाहेर आल्यावर रबर फुगतं, मग वाफेने किंवा गरम हवेने रबर पकवताना (पक्वन) पुन्हा आकार बदलतो, आणि त्याला चारी बाजूंनी धरून ठेवणारा मोल्ड नसतो. त्यामुळे रबराच्या मापांसाठी जे आयएसओ ३३०२ मानक आहे त्यात एक्सट्रूजनचे वेगळे वर्ग आहेत: ई१, ई२, ई३. पाच मिलिमीटरच्या आसपासच्या कॉर्डला सर्वांत काटेकोर ई१ मध्येच ±०.३५ सूट आहे, ई२ मध्ये ±०.५०. म्हणजे ५.३३ सांगून घेतलेली कॉर्ड ई२ प्रमाणे ४.८३ ची निघाली तरी विकणाऱ्याने नियम मोडलेला नाही. पण तिचा दाब १० टक्क्यांच्या खाली जातो, आणि ताण धरला तर ९ च्याही खाली. वर ग्लँड आणि बोअर अगदी एककेंद्री नसतील तर एका बाजूला त्याहूनही कमी.

दुसऱ्या टोकालाही त्रास आहेच. तीच कॉर्ड ५.८३ ची निघाली तर ७.२ रुंदीचा ग्रूव्ह सुमारे ८५ टक्के भरतो. रबराला फुगायला आणि तापून पसरायला जागा लागते, म्हणून ८५ च्या वर भरू नये असं मानतात. तेल तापलं, रबर फुगलं की रिंग ग्रूव्हबाहेर यायला बघते, कडेला चावली जाते, आणि फिटरला वाटतं रबर हलकं होतं.

सावनेरच्या प्रेसवर दोन्ही दोष एकत्र आले होते. जोड उघडत होता आणि उरलेल्या घेरात दाब अपुरा होता. नुसता जोड चांगला करून भागलं नसतं.

कोणती पद्धत कुठे चुकते

बाजारात येणाऱ्या बहुतेक रिंगा कॉम्प्रेशन मोल्डिंगच्या असतात. कच्च्या रबराची वळी किंवा कापलेला तुकडा मोल्डच्या खोबणीत ठेवायचा, प्रेस बंद करायचा, तापवून पकवायचं. वळी थोडी जास्त वजनाची घ्यावी लागते, नाहीतर रिंग अपुरी भरते. जादा रबर दोन्ही पाटांच्या मधून बाहेर येतं, तो फ्लॅश. इथेच या पद्धतीची खोड आहे: वळी फार जास्त झाली, प्रेसचा दाब कमी पडला किंवा पाटांवर आधीच्या शॉटचा कचरा राहिला, तर मोल्ड पूर्ण मिटत नाही. मग रिंग गोल न राहता उंचीला जास्त आणि रुंदीला बरोबर अशी अंडाकृती निघते. म्हणून सेक्शन नेहमी दोन दिशांनी मोजावा, एकदा रिंग आडवी ठेवून वरून खाली आणि एकदा आतून बाहेर. एकाच दिशेने मोजलं तर अशी रिंग पास होते.

फ्लॅशची रेघ कुठे येते याला फारच महत्त्व आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. साधा मोल्ड बरोबर मध्यावर उघडतो. तेव्हा रेघ रिंगच्या आतल्या आणि बाहेरच्या घेरावर येते. आता हीच रिंग फ्लँजच्या तोंडावर बसवली तर ती वरून आणि खालून दबते. रेघ सीलच्या जागेपासून दूर राहते आणि काही बिघडत नाही. पण ग्लँड किंवा पिस्टनवर रिंग आतून आणि बाहेरून दबते, म्हणजे सील बरोबर त्या रेघेवरच होतं. एकाच पाकिटातल्या रिंगा फ्लँजवर व्यवस्थित चालतात आणि ग्लँडवर गळतात, याचं कारण कित्येकदा एवढंच असतं. फिटर शपथेवर सांगतो की रिंग तीच आहे, आणि तो खरंच सांगत असतो.

यावर उपाय म्हणून चांगले मोल्ड ४५ अंशांत उघडणारे करतात. मग रेघा तिरक्या जागी येतात, आतही नाही आणि बाहेरही नाही, वरही नाही आणि खालीही नाही. ग्लँडसाठी रिंग घेताना हे विचारून घ्यावं. मोल्ड मधोमध उघडणारा असेल तर निदान फ्लॅश कसा काढला आहे ते बघावं. हाताने कात्रीने काढला असेल तर कुठे शेपूट राहतं, कुठे कात्री आत जाऊन सपाट चट्टा पडतो. द्रव नायट्रोजनने गारठवून, ठिसूळ झालेला फ्लॅश झाडून काढण्याची पद्धत जास्त चांगली, कारण पातळ फ्लॅश आधी गोठतो आणि रिंगचं अंग शाबूत राहतं. दोन पाट एकमेकांवर सरकून बसले तर रिंगच्या दोन अर्ध्या भागांत पायरी पडते. ती पूर्ण घेरभर असते, त्यामुळे एका जागी न गळता सगळीकडून ओल येते.

इंजेक्शन मोल्डिंगमध्ये मोल्ड आधी बंद होतो आणि रबर नंतर दाबाने आत जातं. त्यामुळे उंचीचं माप जास्त स्थिर, फ्लॅश पातळ, आणि हजार रिंगा काढल्या तरी पहिली आणि शेवटची यांत फरक कमी. मोल्ड महाग आणि मागणी मोठी असावी लागते, म्हणून लहान मापांतच हे परवडतं. ट्रान्सफर मोल्डिंग या दोघांच्या मधलं. लेथवर नळी कापून केलेल्या चौकोनी रिंगा वेगळ्याच. त्यांची जाडी छान येते, पण गोल रिंगच्या ग्रूव्हमध्ये त्या घालू नयेत, भरणा लगेच वाढतो.

कॉर्डबद्दल माझं मत वाईट आहे असं वरच्या मजकुरावरून वाटेल, तसं नाही. कॉर्डच्या रिंगचा आतला व्यास मोल्डेड रिंगपेक्षा अचूक येऊ शकतो. २०२.५७ च्या मोल्डेड रिंगला आतल्या व्यासात बी वर्गात (आयएसओ ३६०१ मधला टॉलरन्सचा एक वर्ग) सुमारे दीड मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. कॉर्ड मात्र लांबी मोजून कापायची असते: आतला व्यास अधिक सेक्शन, या बेरजेला गुणिले पाय (३.१४). आपल्या रिंगला ती ६५३ मिलिमीटर येते. कापताना एक मिलिमीटर चुकलं तरी व्यासात जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर फरक पडतो. म्हणजे कॉर्डचा व्यास विश्वासाचा आणि सेक्शन अविश्वासाचा. मोल्डेड रिंगचा नेमका उलटा. सेक्शन सुधारायचा तर ग्राइंड केलेली कॉर्ड मिळते, ती महाग असते, पण मोठ्या व्यासाला मोल्ड करण्यापेक्षा स्वस्त पडते.

जोडाचं म्हणाल तर सायनोअॅक्रिलेट चिकटाचा जोड साधारण ८० अंशांपर्यंतच धरावा. शिवाय तो कडक असतो, रबराबरोबर दबत नाही. नागपुरात मे महिन्यात शेडचं तापमान ४५ च्या पुढे असताना पॉवर पॅकचं (पंप आणि तेलाची टाकी) तेल ७० ला सहज पोचतं, आणि दाबाच्या जागी त्याहून जास्त. गरम पाणी किंवा वाफ असेल तर चिकटाचा जोड लावूच नये. कच्च्या रबराची पट्टी मध्ये घालून लहान साच्यात तापवून पकवलेला जोड वेगळी गोष्ट आहे. तो वाकवला तर रबरासारखा वाकतो. १९८६ साली दुर्घटनाग्रस्त झालेल्या चॅलेंजर यानाच्या बूस्टरमधल्या मोठ्या ओ-रिंगाही जोडाच्याच होत्या, एका रिंगमध्ये पाचपर्यंत तिरके जोड चालत. तिथे दोष जोडाचा निघाला नाही. गारठ्यात रबराची उसळी कमी झाली आणि सांधा उघडताना रिंग त्याच्या मागे पुरेशी फुगली नाही. म्हणजे नीट पकवलेला जोड मोठ्या रिंगेत वर्ज्य नाही. पण सरकणाऱ्या जागी, मग तो रॉड असो की पिस्टन, कसलाही जोड नको.

विटॉन टाकलं आणि आणखी बिघडलं

हा प्रकार इतका वारंवार दिसतो की वेगळा सांगायला हवा. रबर मोल्डमधून गरम निघतं आणि गार होताना आकसतं. मोल्ड करणारा हे आकसणं आधीच धरतो आणि खोबणी तेवढी मोठी ठेवतो. बहुतेक मोल्ड ७० शोअर कडकपणाच्या नायट्राइलच्या आकसण्यावर बेतलेले असतात. विटॉन म्हणजे एफकेएम रबर त्याहून जास्त आकसतं, शिवाय त्याला नंतर भट्टीत दोनशे अंशांच्या वर बराच वेळ ठेवतात, तेव्हा आणखी थोडं. सिलिकॉनही नायट्राइलपेक्षा जास्त आकसतं.

त्याच मोल्डमध्ये विटॉन भरलं आणि आकसण्यात एक टक्क्याचा फरक पडला असं धरू. सेक्शनवर तो ०.०५ मिलिमीटर, म्हणजे टॉलरन्सच्या आतच. पण २०२.५७ व्यासावर तो दोन मिलिमीटर होतो, म्हणजे बी वर्गाच्याही बाहेर. सेक्शन मोजणारा म्हणेल रिंग बरोबर आहे. बसवताना मात्र ती घट्ट ताणावी लागते, ताण ४ टक्क्यांच्या जवळ जातो, आणि मोल्डची नेहमीची सूटही उणे बाजूला पडली तर ५ टक्क्यांच्या मर्यादेला टेकतो. ताणलेलं रबर लवकर म्हातारं होतं आणि सेक्शन घटतो. फ्लँजच्या तोंडावर अशी लहान रिंग ग्रूव्हच्या आतल्या भिंतीला चिकटून बसते. आतून दाब येताच ती बाहेरच्या भिंतीकडे सरकते, दाब गेला की परत येते. असं रोज घासून घासून ती झिजते.

तेलाचं तापमान १०० अंशांच्या आत आणि तेल साधं खनिज असेल तर नायट्राइल पुरतं. विटॉन घ्यायचंच असेल तर ते विटॉनसाठी बनवलेल्या मोल्डमधलं आहे का, हे विचारा. ईपीडीएम रबर मात्र खनिज तेलात कधीही नको. ते फुगून बोटाएवढं होतं.

गळती बघून ओळख

जुनी रिंग फेकू नका, ती बसली होती त्याच दिशेने टेबलावर ठेवा. एकाच जागी गळत असेल आणि ग्लँड फिरवून बसवल्यावर गळतीची जागाही रिंगबरोबर फिरत असेल, तर जोड किंवा कात्रीचा चट्टा. जागा न फिरता सिलिंडरच्याच त्या कोपऱ्यात राहिली, तर रिंगला दोष देऊ नका. बोअरवर ओरखडा किंवा मशीनिंगची खोट शोधा. हा एक प्रयोग केला तर अर्ध्या चुकीच्या दुरुस्त्या वाचतात.

सगळ्या घेरभर ओल, आणि तीही डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पहिल्या तासात, मशीन तापल्यावर बंद: दाब कमी आहे. सेक्शन मोजा. नागपूरच्या हिवाळ्यात पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास येतो. रबर आकसतं, कडकही होतं, आणि जेमतेम दाबाची रिंग तेवढ्यात सोडते. उन्हाळ्यात दुरुस्त झालेला प्रेस हिवाळ्यात गळतो तो यामुळेच.

रिंग चपटी झालेली, दोन्ही बाजूंनी सपाट आणि काढून ठेवल्यावरही तशीच: रबर अर्धकच्चं राहिलंय किंवा तापमान जास्त आहे. नवी रिंग दोन पत्र्यांत दाबून गरम ठिकाणी एक-दोन दिवस ठेवून बघितली तरी अर्धकच्चं रबर उघडं पडतं. कडा कुरतडलेल्या असतील तर प्रश्न रिंगच्या मापाचा नाही; धातूंमधली फट मोठी आहे किंवा दाबाच्या मानाने रबर मऊ आहे. तिथे ९० शोअरची कडक रिंग किंवा फट झाकणारी बॅकअप रिंग.

मोजायचं कसं

व्हर्नियरच्या जबड्यांनी रबर दबतं आणि प्रत्येक हाताला वेगळं माप येतं. सेक्शनसाठी हलक्या स्प्रिंगचा, सपाट पायाचा डायल थिकनेस गेज घ्या आणि घेरावर चार-सहा जागी, दोन्ही दिशांनी मोजा. आतल्या व्यासासाठी पायऱ्यांचा किंवा शंकूचा गेज चांगला. ओढून न बसवता स्वतःच्या वजनाने टेकू द्या. मोठी रिंग असेल तर सपाट काचेवर सैल ठेवून एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोजा आणि सरासरी घ्या. गठ्ठ्यातली एखादी रिंग बळी द्यायला हरकत नसेल तर ती कापून लांबी मोजणं सर्वांत खात्रीचं.

तापमानाचा विचार करा. नायट्राइल स्टीलच्या दहापटीच्या आसपास पसरतं. २०० मिलिमीटरची रिंग एसी ऑफिसात २५ अंशांना मोजली आणि तीच मे महिन्यात शॉपवर ४३ अंशांना मोजली, तर साधारण चार दशांश मिलिमीटरचा फरक पडतो. विक्रेता आणि गिऱ्हाईक यांच्यात यावरून वाद होतात आणि दोघांचंही माप बरोबर असतं. स्टोअरमधून आणलेली रिंग आणि गेज काही तास एकाच खोलीत ठेवून मग मोजावं.

खिळ्याला टांगलेल्या रिंगा मोजायच्या भानगडीत पडू नका, त्या टांगलेल्या जागी लांबट झालेल्या असतात. साठवणीचं आयएसओ २२३० मानक नायट्राइलला ७ वर्षं आणि विटॉनला १० वर्षं देतं, पण ते २५ अंशांच्या खाली, अंधारात, ओझोनपासून दूर ठेवल्यावर. पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंग मशीनच्या शेजारच्या रॅकवर ते वय लागू होत नाही. हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर, कुठेही जा, रिंगांचा डबा नेमका तिथेच असतो. तो ऑफिसच्या कपाटात हलवायला एक पैसा लागत नाही.

ऑर्डरवर काय लिहायचं

"५ एमएम ओ-रिंग, ८ इंची" असं लिहिलं की समोरचा त्याच्याकडे जे आहे ते देतो, आणि त्यात त्याची चूक नाही. सावनेरच्या प्रेससाठी आम्ही असं लिहिलं: आतला व्यास २०२.५७, सेक्शन ५.३३, आयएसओ ३६०१-१ वर्ग बी, दिसण्याच्या दोषांसाठी आयएसओ ३६०१-३ ग्रेड एन, नायट्राइल ७० शोअर, मोल्डेड, जोड चालणार नाही, पाकिटावर पक्वनाची तारीख. आणि एक ओळ वेगळी: रेडियल (आतून-बाहेरून दबणाऱ्या) सीलसाठी, आतल्या-बाहेरच्या घेरावर फ्लॅशची रेघ नको. किंमत कॉर्डच्या रिंगपेक्षा जास्त आली आणि रिंग यायला वेळ लागला. फिटरने पक्वनाची तारीख बघितली, डायल गेजने घेरभर मोजलं, सेक्शन ५.२८ ते ५.३५ च्या मध्ये होता. नखाने आतला घेर चाचपला, कुठे रेघ लागली नाही. मग बोअरच्या तोंडाची धार पॉलिश पेपरने मोडली, रिंगला तेच हायड्रॉलिक तेल लावलं आणि पीळ न पडू देता बसवली.

मधल्या काळात प्रेस बंद ठेवणं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून तात्पुरती कॉर्डचीच रिंग लागली. ती कशी केली हेही सांगतो, कारण ही वेळ प्रत्येकावर येते. कॉर्डच्या गुंडाळीतून डायल गेजने मोजत ५.२५ च्या वरचा सलग तुकडा निवडला. दोन्ही टोकं लाकडी जिगमध्ये धरून नव्या ब्लेडने ४५ अंशांत एकाच घावात कापली, कारण दोनदा ब्लेड फिरवलं की पायरी पडते. टोकं साफ करून चिकटाचा अगदी पातळ थर दिला, जिगच्या खोबणीतच जुळवलं, आणि बाहेर आलेला चिकट बारीक पेपरने घासून काढला. जोड ग्लँडच्या वरच्या बाजूला ठेवला, जिथे तेल साचून राहत नाही आणि ठिबकलं तर लगेच दिसतं. तेलाचं तापमान ६० च्या वर जाऊ द्यायचं नाही असं ऑपरेटरला सांगितलं आणि कूलरचा पंखा साफ करून घेतला. मोल्डेड रिंग येईपर्यंत तिने काम भागवलं.